राखीच्या पोळ्या

गोजराबाईच्या हातच्या वरणाला इंझोरीत तोड नव्हती. गावात लग्न असो की तेरवी, मोठ्या गंजात तुरीची डाळ शिजायला पडली की तिला बोलावणं यायचंच. ती यायची, पदर खोचायची, डाळ घोटायची आणि आजूबाजूच्या बायकांना चार शब्द सुनावून परत जायची. तूर स्वतःच्या शेतातली, डाळ घरच्या जात्यावर भरडलेली. नवरा रामराव तिला चिडवायचा, "तुह्या वरनात मीठ अन तुह्या तोंडात तिखट, दोन्ही कधी कमी पडत नाही."

अशा बाईच्या घरी सून आली ती डाळ न खाणारी. देवालाही फावल्या वेळात गंमत सुचते, ती अशी.

राखी अनसिंगची. दोन वर्षांपूर्वी दिनेशशी लग्न होऊन आली आणि पहिल्याच जेवणाला तिने वरणाची वाटी हळूच बाजूला सारली. गोजराबाईच्या नजरेतून ते सुटणार कसं?

"काहून वं? मिठानं खारट झालं काय?"

"नाही जी. मले डाळ चालत नाही. मळमळते, डोकं फिरल्यावानी होते."

"दूध?"

"थेही नाही."

"अंडं?"

"नाही जी."

"मंग काय हवा खाऊन जगते काय?"

सगळे हसले, राखीही हसली. आणि ती मजेत जगत होती. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, भात, चार फळं. कामाला वाघीण, अंगाने काटक. पण गोजराबाईच्या मनात ती वाटी जी सलली ती सललीच. डोकं फिरतं म्हणे! डाळीनं डोकं फिरत असतं तर अख्खा वऱ्हाड वेडा झाला असता, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. दोन वर्षांत राखीने तेच कारण दहा वेळा सांगितलं असेल आणि दहाही वेळा सासूने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

मग राखीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण गोजराबाईने ती मोडली. राखीची आई उज्ज्वला विधवा होती, अनसिंगजवळ दीड एकरात कोथिंबीर, मेथी, वांगी लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. मेहनती बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिच्या पाठीला एक गोष्ट चिकटलेली होती. राखीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता आणि राखीनंतर एक. दोघेही जन्मले तेव्हा धडधाकट. एक तिसऱ्या दिवशी गेला, दुसरा चौथ्या. दूध प्यायचे थांबले, झोपेतून उठेनात आणि गेले. का गेले ते कोणी सांगितलं नाही. गावाने मात्र आपल्या परीने निकाल लावून टाकला होता.

"त्या घरात पाळना टिकत नाही," गोजराबाई म्हणाली. तेही चारचौघांत, उज्ज्वला ओटीभरणाला आलेली असताना.

उज्ज्वलेने ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला, पण ती भांडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "तुमी म्हनता तसं होऊ द्या ईहीनबाई. पोरगी तुमचीच हाय. फक्त तिले डाळ देऊ नका. आग्रह करून तं बिलकुलच नाही."

"नाही देत," गोजराबाई म्हणाली. तोंडदेखलं म्हणाली.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात राखीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. गोजराबाईने सुनेचं जे केलं ते खरोखर मनापासून केलं, हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला कैदाशीण ठरवून मोकळे व्हाल. स्वतःच्या हाताने ती राखीचं अंग चोळायची, शेक द्यायची, बाळाचे लंगोट धुवायची. रात्रंदिवस सुनेच्या उशाशी. पण बाळाचं वजन थोडं कमी भरलं होतं, आणि अंगणवाडीची ताई घरी येऊन बोलून गेली, "बाळंतिणीच्या पोटात प्रथिनं गेली पाहिजेत, काकू. डाळी, दूध, अंडी." गोजराबाईला हर्षच झाला. दोन वर्षं ती जे सांगत होती ते आता सरकारच सांगत होतं.

डाळ द्यायची नाही असं तर ती कबूल करून बसली होती. पण सोयाबीनचं कोण काय बोललं होतं?

घरात सोयाबीनची पोती पडलेली. बचत गटाच्या बायकांना मागे एकदा शिकवलं होतं की सोयाबीन भाजून, दळून त्याचं पीठ गव्हाच्या पिठात मिसळावं, ताकद येते. दहा वाट्या गव्हाला एक वाटी, असं माप सांगितलं होतं. गोजराबाईने चार वाट्या घातल्या. चांगल्या गोष्टीला हात आखडता कशाला घ्यायचा? डिंकाच्या लाडवांतही तेच पीठ कालवलं. डबा वेगळा ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि घरात कोणाला सांगितलं नाही. रामरावला नाही, दिनेशला नाही, राखीला तर नाहीच. पोरगी धडधाकट उठून बसली, बाळ बाळसं धरायला लागलं की मग हसत हसत सांगायचं, असा तिचा बेत होता.

"आई, पोळीले कडू वास येते," राखी पहिल्याच दिवशी म्हणाली.

"बाळंतिनीच्या तोंडाले चव नसते. खा."

राखीने खाल्ली. सासू समोर पाट घेऊन बसलेली. दोन पोळ्या आणि दोन लाडू पोटात गेल्याशिवाय ती उठत नसे. बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी राखीचं डोकं दुखायला लागलं. सहाव्या दिवशी ती ओकली. गोजराबाईने ओवा दिला आणि तासाभराने पुन्हा लाडू पुढे केला. राखीने सासूचा हात धरला. "नको वो आई. खरंच सांगतो, मले नाही जमत." गोजराबाईने प्रेमाने तिचा हात सोडवला आणि घास भरवला. हा घास पुढे किती दिवस तिच्या डोळ्यांसमोर येणार होता, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक!

आठव्या दिवशी राखी काहीबाही बोलायला लागली. बाळाचं टोपडं तिने पाण्याच्या माठात टाकलं. दिनेशने विचारलं तर त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. जिभेवर शब्द जड झाले होते. नवव्या दिवशी भर दुपारी तिने दिनेशला अनसिंगचं तिकीट मागितलं, जणू तो बसचा कंडक्टर आहे. मग झोपली, आणि दहाव्या दिवशी सकाळी हलवलं तरी डोळे धड उघडेनात.

घरात एकच धावपळ उडाली. शेजारची संगीता आली, तिने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "बाहेरचं लागलं व माय. ओली बाळंतीन होती, कवा दारात उभी राह्यली असन." कोणी लिंबू आणायला सांगितलं, कोणी दर्ग्यावर न्यायला. गोजराबाई घरातून अंगणात आणि अंगणातून घरात नुसत्या येरझारा घालत होती. बाहेरचं लागलं असेल तर तिच्यावरचा बोल टळत होता, आणि ते आपल्याला मनातून बरं वाटतंय, हेही तिला कळत होतं. स्वतःचीच तिला किळस आली.

एवढ्यात उज्ज्वला पोचली. दिनेशने तिला फोन केला होता. ती थेट आत गेली, लेकीच्या पापण्या उचलून पाहिल्या, आणि वळून म्हणाली, "अशी थे एकदा झाली होती. सात वर्षांची होती तवा. लग्नात दोन पुरनपोळ्या खाल्ल्या अन दोन दिवस उठली नाही. ईहीनबाई, डाळ देली काय तिले?"

"डाळीचा दाना देला नाही," गोजराबाई म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. बोलता बोलता तिची नजर फळीवरच्या त्या डब्याकडे गेली.

रामरावने गाडी बोलावली. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी राखीला तपासलं, टॉर्च मारून डोळे पाहिले. "बाळंतपणानंतर काही बायकांचं मन बिघडतं. पण ही झोप मला साधी वाटत नाही. इथे थांबू नका, अकोल्याला न्या." रामराव बाळाला पुसायला कपडे घेऊन पुढे बसला. मागच्या सीटवर राखी आडवी, तिचं डोकं दिनेशच्या मांडीवर, पाय गोजराबाईच्या. पुढे रामरावशेजारी उज्ज्वला, कुशीत बाळ.

अकोल्याचा तो रस्ता गोजराबाईने शंभर वेळा पाहिला होता. आज तो सरता सरेना. राखीची बोटं मध्येच फडफडायची आणि मग थंड पडायची. बाळ रडायला लागलं की उज्ज्वला चमच्याने त्याला दूध पाजायची. गोजराबाई मनातल्या मनात हिशेब मांडत होती: सोयाबीन तर आपण सगळेच खातो. वड्या खातो, तेल खातो. गुरं त्याचीच ढेप खातात आणि टुमटुमीत होतात. पिठानं कोणी असं होतं का? नाही होत. मग सांगायचं कशाला? सांगितलं तर दिनेश काय म्हणेल? ही बाई काय म्हणेल? पोरीला विष घातलं, म्हणेल. नाही, पिठानं नाही होत. असं तिने स्वतःला दहा वेळा समजावलं आणि अकराव्यांदा तिचं मन पुन्हा त्या डब्यापाशी येऊन उभं राहिलं.

मोठ्या दवाखान्यात राखीला लगेच आत घेतलं. डॉक्टर तरणी होती, छातीवरच्या पट्टीवर नाव होतं धम्मदीपा. केस घट्ट बांधलेले, बोलणं झटपट. तिने राखीची नाडी पाहिली, तळवा मागे वाकवून सोडला आणि हाताची फडफड बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"हिला खाण्यातलं काही चालत नाही का?"

"डाळ," उज्ज्वला पटकन म्हणाली. "दूध, अंडं, थेही. लहानपनापासून. अंगावरचं दूध सोडलं तवापासून तोंड फिरवत होती."

"भावंडं?"

उज्ज्वला खाली पाहत म्हणाली, "दोन भाऊ होते. तिसऱ्या-चौथ्या रोजीच गेले."

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. तिने मान वर केली. "दोन्ही मुलगे?"

"हो जी."

"बरं, आता नीट आठवून सांगा. या दहा दिवसांत हिने डाळ, दूध, अंडं, मटण, असलं काही खाल्लं? नेहमीपेक्षा वेगळं काही?"

सगळ्यांनी गोजराबाईकडे पाहिलं. घरचं सैपाकघर तिचं. उत्तर तिनेच द्यायचं होतं. दिनेशचे डोळे लाल झालेले. उज्ज्वलेच्या खांद्यावर बाळ झोपलेलं.

"डाळीचा दाना देला नाही," गोजराबाई पुन्हा म्हणाली. "रोजचंच खाल्लं. पोळी-भाजी."

डॉक्टर म्हणाली, "मला एक शंका होती. तिची तपासणी इथे होत नाही, रक्त बर्फात ठेवून बाहेर पाठवावं लागतं. पाठवते मी. पण खाण्यात काही बदल नसेल तर आधी डोक्यातल्या शिरांचा स्कॅन करू. बाळंतिणीच्या डोक्यात रक्ताची गाठ होऊ शकते. स्कॅनला रांग आहे, नंबर लागला की नेतील."

ती आत गेली. गोजराबाई बाकावर बसली, उठली, नळावर गेली, पाणी न पिताच परत आली, पुन्हा बसली. रामराव म्हणाला, "बस ना एका जागी. तुह्या फिरन्यानं नंबर लवकर लागते काय?" ती बसली आणि लगेच पुन्हा उठली. डॉक्टरला एक शंका होती. आपल्या एका वाक्यानं ती शंका तिने बाजूला ठेवली. हे गोजराबाईला लख्ख कळलं होतं. ती अडाणी असेल, ढ नव्हती. आत एक पोरगी वाहत चाललीय आणि दोर आपल्या मुठीत आहे, असं तिला वाटत होतं. मूठ मात्र उघडत नव्हती. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या बाईनं चारचौघांत आपलं तोंड काळं कसं करून घ्यायचं? हे सोपं आहे असं म्हणणाऱ्याने स्वतः एकदा करून पाहावं.

अर्धा तास झाला. बाळाला थोपटत उज्ज्वला तिच्या शेजारी येऊन बसली. अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ईहीनबाई, तुमी म्हनत होत्या थे खरं हाय."

"काय?"

"माह्या घरात पाळना टिकत नाही म्हने. माह्या पोटातच काई खोट हाय. दोन गेले. मले वाटलं, पोरगी वाचली, चला, एक तं वाचली. आता थेही..." तिचा आवाज फुटला. "तुमी तिले तुमच्या घरी ठेवलं, एवढं केलं, अन तरी माही सावली तिच्यावर पडली. मले माफ करा जी. तुमच्या घराले माह्यापायी दुःख."

आणि त्या बाईने बाळ सावरत वाकून चक्क गोजराबाईच्या पायांना हात लावला.

गोजराबाई ताडकन उठली. दोन वर्षं हेच शब्द ती जिभेवर खेळवत होती. आज ते त्या बाईच्या तोंडून ऐकले आणि तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आता गप्प राहिलो तर सून जाईलच, आणि वरून हिच्या माथ्यावर तिसरा डाग बसेल. तोही आपल्या हाताने लावलेला. ती आतल्या दाराकडे निघाली. दारातल्या माणसाने अडवलं तर त्याला बाजूला सारून ती आत घुसली. तिच्या मागे दिनेश, त्याच्या मागे रामराव.

"डॉक्टरीनबाई!" ती ओरडलीच. "मी खोटं बोलली. मी तिले सोयाबीन घातलं. पोळीत पीठ मिसळलं, लाडवात मिसळलं. दहा वाट्यांले चार वाट्या. सात दिवस झाले. तिले सांगतलं नाही. थे नको म्हने तरी घातलं."

दिनेश जागच्या जागी थिजला. डॉक्टर मात्र रागावली नाही, तिला रागवायला वेळच नव्हता. "सात दिवस? रोज किती?"

"चार पोळ्या. चार लाडू. जास्तीच असन, कमी नाही."

"सिस्टर, स्कॅन राहू द्या. साखरेचं सलाईन जोरात लावा. रक्त बर्फात घ्या आणि आत्ताच्या आत्ता पाठवा, रिपोर्टची वाट पाहायची नाही. मी सरांना फोन करते, डायलिसिस तयार ठेवायला सांगा." मग दारातून वळून ती म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, काकू. अजून दोन तास गेले असते तर काही खरं नव्हतं."

बरं केलंत! गोजराबाई भिंतीला टेकून तिथेच खाली बसली. दिनेश तिच्यासमोर उभा राहिला. तो काहीतरी ओरडेल, शिवी देईल, असं तिला वाटलं. तिला ते हवंही होतं. पण तो नुसता उभा राहिला आणि मग तोंड फिरवून गेला. पुढचे दोन दिवस तो आईशी एक शब्द बोलला नाही.

ते दोन दिवस कसे गेले ते गोजराबाईलाच ठाऊक. यंत्र राखीचं रक्त धूत होतं. रामराव डबा आणायचा, गोजराबाई तो उघडायचीही नाही. एकदा उज्ज्वलेने तिच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "खा. तुमी पडल्या तं कोन पाह्यन?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गोजराबाईला सोसला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी राखीने डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग दिनेशकडे. "माही पोरगी कुठं हाय?" दिनेशला रडू आवरेना. पोरीला तिच्या कुशीत ठेवलं तेव्हा वॉर्डातल्या परक्या बायकाही डोळे पुसत होत्या. गोजराबाई पायथ्याशी उभी होती, जवळ जायची तिची छाती होत नव्हती.

दुपारी डॉक्टर धम्मदीपा आली, स्टूल ओढून बसली. सगळ्यांना जवळ बोलावलं.

"नीट ऐका, हे जन्मभर लागणार आहे. आपण डाळ खातो, दूध पितो. त्यातल्या प्रथिनांचे पोटात बारीक बारीक तुकडे होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. शरीर त्यातून हवं तेवढं घेतं. उरलेलं साठवता येत नाही. तूप जास्त झालं तर चरबी होऊन अंगावर बसतं, याचं तसं नाही. उरलेलं मोडावंच लागतं. आणि मोडलं की त्यातून अमोनिया निघतो. सकाळी गोठ्यात गेल्यावर नाकाला झोंबतो ना, तो वास."

"हो जी," रामराव म्हणाला.

"तो मेंदूला विष. म्हणून आपलं लिव्हर त्याचा युरिया करतं आणि युरिया लघवीतून बाहेर जातो. माणूस असो, गाय असो, कुत्रं असो, अंगावर पाजणाऱ्या सगळ्या जीवांत हेच चालतं."

"युरिया? आपन पिकाले टाकतो थो?"

"तोच."

"म्हंजे पोटात खताचा कारखानाच हाय म्हना," रामराव पुटपुटला. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी किंचित हसलं.

"तर या कारखान्यातला एक कामगार राखीत जन्मापासून कमी आहे. म्हणून तिचं शरीरच तिला सांगत होतं, डाळ नको, दूध नको. ते नखरे नव्हते. ती स्वतःला जपत होती. पोटात बाळ होतं तोवर जास्तीचं बाळ ओढून घेत होतं. बाळ झालं, गर्भपिशवी आक्रसायला लागली. तिचं मांसही शरीर मोडतं, त्याचाही अमोनिया होतो. त्यामुळे नुसत्या पिठावर सगळं खापर फोडू नका. पण पिठाने भर घातली. खूप भर घातली."

गोजराबाईने मान खाली घातली.

"आता तुम्ही," डॉक्टर उज्ज्वलेकडे वळली. तिचा आवाज हळू झाला. "हे आईकडून मुलांत येतं. मुलीकडे तो कामगार अर्धा तरी असतो, म्हणून राखी वाचली. मुलग्याकडे कधी कधी मुळीच नसतो. तुमची दोन्ही मुलं बहुतेक यानेच गेली. बाळाचंही रक्त तपासायला पाठवलंय. ती मुलगी आहे, चांगली पिते आहे, घाबरू नका. पण आई, तुमच्या घराची, सावलीची, नशिबाची यात काही चूक नाही. कोणी तसं म्हणालं असेल तर ते चुकले."

उज्ज्वलेच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं डॉक्टरला वाटलं असावं. पण उज्ज्वला मनाने तीस वर्षं मागे गेली होती आणि तिथे तिला भलतंच काही दिसलं होतं.

"दुधातही थे असते म्हनता ना तुमी?" तिने विचारलं. "अंगावरच्याही?"

डॉक्टर अडखळली. "असतं. पण..."

"मी पाजत होती त्यायले. पीत नव्हते तं तोंडात पिळून पाजत होती. माय म्हने, पाज, ताकद येईन." तिचे डोळे कोरडे होते. "म्हंजे माह्या हातानंच गेले काय जी माहे लेकरं?"

शिकलेल्या माणसांचे शब्द कधी कधी नेमके अशाच वेळी संपतात. पायथ्याशी उभी असलेली गोजराबाई पुढे आली. विहिणीसमोर खाली फरशीवर बसली.

"नाही," ती म्हणाली. "आईक माय. तुले कोनी सांगतलं नव्हतं. लेकराले बोलता येत नव्हतं, डॉक्टरले ठाऊक नव्हतं, तुले कसं कळन? मायनं पाजलं, जगातली कोनतीही माय पाजन. मले तं सांगतलं होतं. तू सांगतलं होतं. हिनं सांगतलं होतं, एकदा नाही, दहा डाव. माहा हात धरून नको म्हने, तरी मी तिच्या तोंडात कोंबलं, अन लपवून कोंबलं. तुह्या हातानं कोनी गेलं नाही. माह्या हातानं जात होतं."

राखीने हे आत्ताच ऐकलं. डॉक्टर पीठ म्हणाली ते कुठलं, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. ती उशीवरून सासूकडे पाहत राहिली. उज्ज्वलेने गोजराबाईचा दंड धरला आणि दंड धरूनच ती रडायला लागली, आधी आवाज न करता, मग हुंदके देत. दोन लेकरांसाठी ती एवढी वर्षं कोणासमोर रडली नव्हती. गोजराबाईने तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने राखी बोलली. आवाज अशक्त होता, पण शब्द स्पष्ट होते.

"आई."

दोघींनीही वर पाहिलं. राखी गोजराबाईकडेच पाहत होती.

"घरी गेल्यावर माह्या पोळ्या मीच करीन. माहं पीठ मीच मळीन. तुमी माह्या ताटाले हात नका लावू."

दिनेश काही बोलणार होता, रामरावने त्याला खुणेने थांबवलं. ज्या बाईच्या हातचं खायला गाव पंगतीला बसायचं, ती उठली, पदराने तोंड पुसलं.

"कर माय," ती म्हणाली. "मी चूल पेटवून देईन."

आणि ती बाळाचा ओला लंगोट घेऊन नळावर गेली.